विटांखालची पांढर

"पाच वाजता मॅडम खड्डा बुजवायला सांगणार आहेत," सायकल आडवी टाकीत इफ्रा सिदूला म्हणाली. "खाली काहीच निघालं नाही म्हणे."

सोलापूरच्या वेशीबाहेर, वळसंगच्या रस्त्यालगतच्या माळावर मोठी वसाहत उभी राहणार होती. तत्पूर्वी जमिनीखाली जुने अवशेष आहेत किंवा कसे, हे पाहण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या चैताली मॅडम चार दिवस चाचणीचा खड्डा खणीत होत्या. मुदत आज संपत होती. उद्या यंत्र येऊन सारा माळ सपाट करणार होते.

सिदूचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याची अज्जी ईरम्मा तरुणपणी ह्याच माळावरून माळवदासाठी, घराच्या मातीच्या छतासाठी, पांढरी माती नेत असे. तेथे जुने गाव होते, असे ती आयुष्यभर सांगत आली आणि गल्ली आयुष्यभर हसत आली. मातीत सापडलेला शंखाच्या बांगडीचा तुकडा तिने मसाल्याच्या डब्यात जपून ठेवला होता.

दिवाळीच्या सुट्टीतील ती भर दुपार. सिदू, इफ्रा आणि त्यांची मैत्रीण बुद्धप्रिया यांनी अज्जीला हाताला धरून खड्ड्यापाशी आणले. तिने वाकून चिमूटभर माती चोळली.

"ही काळी हाय की रे. माळवदावर टाकली तर घरात तळं हुईल. काळीत पीक येतंय, पांढरीत चुली निघत्यात. पांढर हितं न्हाय, तितं हाय."

तिने बोट दाखविले तेथे विटांची रास रचलेली होती. बुद्धप्रिया धावत गेली आणि तिथूनच ओरडली, "सिदू, इथे आखणीची पांढऱ्या फक्कीची रेघ आहे. विटांच्या खाली जाते."

सर्वांच्या नजरा वसाहतीच्या बांधकामाचे मुकादम प्रदीपकाका यांच्याकडे वळल्या. त्यांनी मान खाजविली.

"आखणी करून तुमचे साहेब दुसऱ्या कामावर गेले, मॅडम. तेवढ्यात विटांचा ट्रक आला. मग खुंट्या वीस पावलं सरकवल्या. माती ती माती, इकडची काय नि तिकडची काय."

चैताली मॅडमचा चेहरा उतरला. "प्रदीपराव, चार दिवस मी चुकीच्या जागी खणत होते. त्या विटा आत्ताच्या आत्ता हलवा."

"मजूर सुट्टीवर आहेत. नुसत्या कोपऱ्यातच आठशे विटा. सोमवारी बघू."

"सोमवारी माळ तरी राहील का?" इफ्राने विचारले.

"मग तूच हलव की," काका हसले. "चारच्या आत हलल्या, तर मातीचं पहिलं टोपलं मी डोक्यावर घेतो."

"मॅडम, ऐकलंत ना?" एवढे बोलून इफ्राने सायकलवर टांग टाकली.

पलीकडच्या मैदानावरील क्रिकेट क्षणार्धात थांबले. सत्तावीस मुलांची साखळी उभी राहिली. वीट हातातून हातात सरकू लागली.

"शंभर झाल्या."

"मोईन, कॅच घेऊ नकोस, वीट आहे ती."

"मग बॉलर बदल," मोईन म्हणाला.

तळहात सोलवटले, घामाच्या धारा लागल्या, तरी साखळी तुटली नाही. सिदू दर दोन मिनिटांनी मॅडमचे घड्याळ पाही. चारला दहा मिनिटे कमी असताना शेवटची वीट हलली. खालची माती राखेसारखी पांढरी होती.

मॅडमनी स्वतः हातात खुरपी घेतली. वीतभर, दीड वीत. काहीच नाही. सिदूने डोळे मिटून घेतले.

"थांबा," मॅडम हळूच म्हणाल्या.

चोपलेल्या जमिनीवर तीन दगडांची चूल होती. चुलीत कोळसे तसेच होते. शेजारी, अज्जीच्या डब्यातल्यासारखाच, शंखाच्या बांगडीचा तुकडा पडला होता.

प्रदीपकाका निमूटपणे पुढे झाले आणि मातीचे पहिले टोपले त्यांनी डोक्यावर घेतले. मॅडमनी फोन करून उद्याचे यंत्र थांबविले आणि त्या म्हणाल्या, "पोरांनो, माझ्या खात्याला जमलं नसतं ते तुम्ही केलंत." मग त्यांनी नोंदवहीत काही लिहिले.

"काय लिवलंय गं?" अज्जीने इफ्राला विचारले.

"'जागा दाखवणारी व्यक्ती: ईरम्मा,'" इफ्राने वहीत डोकावून वाचले.

अज्जीने पदराने डोळे टिपले. "आता परत वाच. जरा मोठ्यानं. गल्लीत ऐकू जाऊ दे."