पिवळ्या मुंग्या आणि टरबुजाची फुलं

“टरबूज तर अजून लागलंच न्हाई. मग काय चोरून राहिलात?”

मी दचकून मागं पाहिलं. सिद्धेश्वर धरणाच्या काठावरच्या त्या मळ्यात सकाळी आठ वाजता मी फुलाशी नाक लावून बसले होते — आणि खांद्यावर पाइपाचं वेटोळं टाकून एक तरुण हसत उभा होता.

“मधमाश्या मोजतेय. हिंगोलीच्या कॉलेजातून आलेय, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी. वसरामकाकांना विचारलंय.”

“बानं सांगितलं न्हाई मला. किती झाल्या?”

“तासाभरात... एक.”

त्याचं हसू मावळलं. हा वसरामकाकांचा मुलगा, कुलदीप. वेलांना फुलं भरपूर, पण फळ धरत नव्हतं. सोमवारी वेल उपटायचे, असं काकांनी ठरवलं होतं.

मी त्याला फूल दाखवलं. आत पिवळ्या, लांब पायांच्या मुंग्या. या इथल्या नव्हेत; विकतच्या रोपांच्या मातीतून आल्या असाव्यात. त्या वेलावरच्या मावा किडीची राखण करायच्या, तिच्या अंगातून पाझरणारा गोड रस प्यायच्या आणि मधमाशी टेकली की तिच्यावर धावून जायच्या. मग पराग कोण नेणार?

“म्हंजे फुलाचं अन् माशीचं जमलेलं मोडलं,” तो म्हणाला.

“मला दहा दिवस द्या.”

काकांना त्यानंच पटवलं. संध्याकाळी तो मुंग्यांच्या बिळांपाशी साखरपाण्यात बोरिक पावडर कालवून ठेवायचा. सकाळी आम्ही नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायचो.

“असं?”

“हळू...”

“मग हात धरून शिकवा ना.”

“हात चांगले आहेत तुमचे,” मी म्हणाले, आणि कान तापले.

नवव्या दिवशी मुंग्या नसलेल्या एका फुलावर तीन मधमाश्या आल्या. आम्ही श्वास रोखून बसलो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. कुणीच सरकलं नाही. वेलाखाली लिंबाएवढी फळं धरली होती. काकांनी ती वाकून पाहिली आणि पोरीला चहा करा, म्हणून घराकडं निरोप धाडला.

शेवटच्या दिवशी मी वही मिटली.

“आता तुमी येणार न्हाई?”

“काम संपलं की.”

“मी मळ्याचं न्हाई, माझं विचारून राहिलो... ऐश्वर्या.”

माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. मला गोड वाटलं, आणि भीतीही.

“घरी काय सांगू? आम्ही बौद्ध, तुम्ही बंजारा तांड्यावरचे. बाबा शंभर प्रश्न विचारतील.”

“मी येतो उत्तरं द्यायला. रविवारी, माझ्या बाला घेऊन.”

“काकांना विचारलंस?”

आपण त्याला ‘तू’ म्हणालो, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

“तेच म्हणून राहिले, काहून थांबलास.”

मला हसू आवरेना.

“सकाळी अकराच्या आत ये,” मी म्हणाले. “नंतर बाबा जेवून झोपतात.”