खुंटीवरचं दावं

बैल विकला तरी दावं द्यायचं नसतं. विकणारा आपलं दावं सोडून घेतो, घेणारा आपलं बांधतो. आमच्या गारखेड्यात निजामाच्या राज्यातही हीच रीत होती.

आमचा पांढरा बैल ब्राझीलच्या एका साहेबानं घेतला. साहेब विमानानं पुढं गेला. बैल रेल्वेनं मुंबईला जायचा, तिथून दोन महिने बोटीनं. चारापाण्याला माणूस पाहिजे, म्हणून माझा थोरला भाऊ फकिरा सोबत निघाला.

स्टेशनावर मी आमचं दावं सोडून घेतलं. साहेबाच्या माणसानं निळ्या धाग्याचं नवंकोरं दावं बांधलं. द्वारकावहिनी डब्याशी उभी होती.

“येताना तिकडची दुसरी आणू नका म्हंजे झालं.”

“हीच लई झाली,” फकिरादादा हसला. गाडी गेली.

आमचं दावं मी गोठ्यात खुंटीला टांगलं. विसाव्या दिवशी, भर दुपारी, वहिनीनं हाक मारली. रिकाम्या गोठ्यात जुन्या शेणाचा वास होता. दाव्यातून पाणी ठिबकत होतं.

“भावजी... ह्याला पाणी कोणी घातलं?”

“कोणी नाय...”

मी बोट लावून चाखलं. खारट होतं.

महिन्यानं कागद आला. टपालवाल्या युसूफभाईंनी वाचून दाखवला. वादळात बैल समुद्रात गेला. निळं दावं हाताला गुंडाळलेलं, म्हणून फकिराही गेला. तारीख त्या दुपारचीच. ऐकताना मी विकायचा कडबा तोडत होतो. तोडतच राहिलो.

बाया बांगड्या फोडायला आल्या, तर वहिनी दारात उभी राहिली.

“दावं ओलं हाय. ओलं हाय तवर त्यो वाटंवरच हाय. वाळलं की पुसीन कुंकू.”

दावं वाळलं नाही. निजाम गेला, उन्हाळे गेले, एकतीस वर्षं झाली. खुंटीखाली पांढरं मीठ साचायचं, वहिनी रोज झाडून काढायची. पुढं पुढं मला त्याचं काही वाटेनासं झालं.

परवा वहिनी गेली. कुंकू लावूनच गेली. मीच तिला अग्नी दिला, आंघोळ केली आणि गोठ्याचं कुलूप काढलं. किल्ली माझ्याच कमरेला असते; वहिनीला झाडायलाही रोज मीच उघडून द्यायचो.

आमचं दावं खुंटीला नव्हतं.

तिथं स्टेशनावरचं ते निळ्या धाग्याचं दावं होतं. नवंकोरं, खडखडीत कोरडं. गाठीला तेवढं कुंकू लागलेलं... अजून ओलं.