बाबांची आखणी

मिरगीची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला चाळीस दिवस त्याच्याच आठवणी सांगायच्या, हे आता बाळंतिणीच्या शेकशेगडीइतकं घरोघरी ठाऊक झालं होतं. पेणच्या प्रणाली म्हात्रेनेही तेरा वर्षांच्या लेकीसाठी, भार्गवीसाठी, ते दिवस पाळले.

झटके जिथून उठत, तो कानशिलामागचा मेंदूचा तुकडा काढून डॉक्टर तिथे मुलाच्याच पेशींपासून वाढवलेली ‘कोरी ऊती’ बसवत. जुन्या तुकड्याबरोबर काही आठवणी जात. भार्गवीच्या मनातल्या बाबांच्या आठवणी बहुतेक गेल्या. कोरी ऊती पहिल्या चाळीस दिवसांत जे वारंवार ऐके, ते स्वतः अनुभवलं म्हणून जपून ठेवी.

“घडलं तेच सांगा,” डॉ. केळुसकरांनी बजावलं होतं. “पदरचं काही घालू नका.”

आईला हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

भार्गवीचे बाबा, रोशन, गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखत. शस्त्रक्रियेच्या वर्षभर आधी ते वारले. एकदा भार्गवीने हौसेने त्यांचा कुंचला उचलला आणि नेमका झटका आला. तयार मूर्तीच्या तोंडावर काळा फराटा उठला. रोशन तिच्यावर गरजला, “पुन्हा कारखान्यात पाय ठेवू नकोस.” हे पोरीला परत कशाला द्यायचं? प्रणालीने सांगितलं, बाबांनी तुझा हात धरून डोळा आखून घेतला.

दोन वर्षं झटका आला नाही. औषधं थांबली. भार्गवी एकटी सायकलवर शाळेत जाऊ लागली. शेवटच्या तपासणीला प्रणालीने कबुली दिली.

“ती आठवण काढता येईल?”

“नाही. आता ती तिचीच आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “पण ताई, पोरगी बरी आहे, आनंदात आहे. बिघडलं काय?”

घरी येताना प्रणालीला रोशनची फार आठवण आली. ओल्या शाडूचा वास येणारा, तापट, आणि त्या ओरडण्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीपुढे कान धरून रडलेला रोशन. ओरडणं वगळलं म्हणून तिला हेही वगळावं लागलं होतं.

“भार्गवी, बाबांनी तुझ्यापुढे कान धरले होते, आठवतं? किती रडले होते गं.”

भार्गवी हसली. “काहीतरीच, आई. बाबा कशाला माफी मागतील? ते माझ्यावर कधी ओरडलेच नाहीत.”

रोशनला ओळखणारं घरात आता प्रणालीशिवाय कुणी उरलं नव्हतं.