खोक्यातलं खरं कार्ड

“काका, हे आमच्या आजोबांचं कार्ड नाहीच!”

भिंगरी एवढ्या जोरात ओरडली, की स्टुलावर उभं राहून चौकट टांगणारे चिटणीसकाका पडता पडता वाचले. बास्केटबॉल क्लबच्या हॉलमध्ये जुन्या खेळाडूंचं प्रदर्शन मांडायची घाई चालली होती. संध्याकाळी पाहुणे येणार होते. चौकटीतल्या कार्डावर भिंगरीचे आजोबा होते: तरुण, सडसडीत, उंच उडी मारलेले. खेळतानाचं त्यांचं हे एकुलतं एक चित्र! ते कुणाच्या हाती म्हणून देत नसत. भिंगरीनेच लाडीगोडी लावून ते क्लबसाठी आणलं होतं. 

“नाही कसं? ही बघ कोपऱ्यातली घडी!” काका म्हणाले.

“दिसते, पण हाताला लागत नाही. नख फिरवून बघा!”

काकांनी चौकट उघडून नख फिरवलं. सगळं गुळगुळीत! घडीचा नुसता फोटो छापलेला.

भिंगरीसोबत तिचे मित्र ढापण्या आणि लंबूही आले होते. ढापण्याने खिशातून भिंग काढलं. जुनी कार्डं जमवायचं त्याला भारी वेड. “नावाची अक्षरं बघा, सगळी ठिपक्याठिपक्यांची! अस्सल कार्डावर ती सलग काळी असतात. ही नक्कल आहे.”

“अरे, पाहुण्यांना वाटायला आपणच छापून घेतल्यात त्या नकला,” काका चाचरले. “छापखानेवाला अस्सल कार्ड वेगळं देत होता. मीच म्हटलं, एकाच खोक्यात टाका, म्हणजे हरवणार नाही!”

लंबूने कपाळावर हात मारून घेतला.

“जाऊ दे गं,” काका म्हणाले. “सगळी सारखीच तर दिसतात. कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना!” भिंगरी म्हणाली. “मी ते परत आणून द्यायचं कबूल केलंय. शोधल्याशिवाय मी घरी जाणार नाही.”

टेबलाखालचं खोकं कार्डांनी गच्च भरलेलं होतं. ढापण्या एकेक कार्ड भिंगाखाली धरू लागला.

“अशाने तुला इथेच दाढी येईल!” लंबू म्हणाला.

“मग तू सुचव की!”

भिंगरीने एक नक्कल उचलली आणि तिची कापलेली कड उजेडात धरली. कड पांढरीशुभ्र होती. “ढापण्या, अस्सल कार्डाचा पुठ्ठा कसा असतो?”

“आतपर्यंत तपकिरी. नकलेवर तो रंग फक्त वरून छापतात, आत...”

“आत पांढरा! मग तोंडं कशाला बघतोस? कडा बघ!”

तिघांनी पत्ते जुळवावेत तसे गठ्ठे टेबलावर ठोकले आणि बाजूने डोळे लावले. पहिला गठ्ठा पांढरा. दुसराही पांढरा. खोकं रिकामं झालं, पण तपकिरी रेघ काही दिसेना.

“काका, सगळी इथेच आहेत ना?” भिंगरीने रिकामं खोकं उलटं करून झटकलं.

“एक गठ्ठा दारावर दिलाय. स्वागताला बसलेली ताई पाहुण्यांसाठी त्यांचे बिल्ले करतेय. भोक पाडायचं, फीत ओवायची...”

“भोक!” तिघंही एकदम किंचाळले आणि धूम पळत सुटले. लंबूने तर बाकावरूनच उडी टाकली.

दारावरची ताई गाणं गुणगुणत भोकं पाडत होती. खट्! खट्!

“ताई, थांबा! हात वर करा!”

ताईने घाबरून खरंच हात वर केले. भिंगरीने आधी भोकं पाडलेली कार्डं एकत्र ठोकली. तिने कडा पाहिल्या. सगळ्या पांढऱ्या! मग तिने उरलेला गठ्ठा उचलला. पांढरं, पांढरं... आणि मधोमध एक बारीक तपकिरी रेघ!

तिने ते कार्ड हळूच ओढून काढलं. कोपऱ्यावर नख फिरवलं, तर ते घडीत अडकलं. भिंगरीला रडूच फुटलं.

“काय झालं गं?” मागून आवाज आला. आजोबा! धावाधाव बघून ते दारातच थबकले होते. तिने सगळं सांगून टाकलं. आजोबांनी कार्ड निरखलं आणि तिला जवळ घेतलं.

“शाब्बास, पोरांनो! अशी चिकाटी मैदानात असती, तर आम्ही एकही सामना हरलो नसतो!”

तेवढ्यात चिटणीसकाका घाम पुसत आले. “वा! डोकेबाज आहात हं! द्या इकडे, पटकन टांगून टाकतो.”

आजोबांनी कार्ड भिंगरीच्या हातात ठेवलं.

“टांगायचं काम ही मुलं करतील,” ते म्हणाले. “तुम्ही फक्त स्टूल धरा.”

आणि चिटणीसकाकांनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं!