अंगणात कोण बसलंय?

पहिल्याच भेटीत प्रसेनजितच्या पिकअपचं मागचं चाक रत्नमालाच्या वांग्याच्या वाफ्यात शिरलं.

"वांगे न्यायले आले का तुडवायले?"

"रस्ता पाहत होतो..."

"रस्ता तं तिकडं होता. इकडं मी होती."

त्यानंतर तो मानोऱ्याहून इंझोरीला भाजी उचलायला इतका वेळेवर येऊ लागला, की कुणालाही संशय यावा. कॅरेट चढवून झाले, तरी त्याचं पाणी पिऊन होईना. माझ्या हिशेबानं ऐन डिसेंबरात एवढी तहान कुणाला लागत नाही. पण दोघं बोलत ते फक्त वांग्यांवर! आणि आता येत्या रविवारी रत्नमालाला बघायला पाहुणे येणार होते. तिनं हो म्हटलं नव्हतं, नाहीही नाही... नाही म्हणायचं तरी कुणाच्या भरवशावर?

शुक्रवारी गावातल्या बायांचं शिबिर घ्यायला नागपूरहून सुकेशनीताई आल्या. समाजमंदिरात त्यांनी आवाजांचा खेळ मांडला. पाठीला पाठ लावून दोन खुर्च्या. हेडफोन लावायचे, डोळे मिटायचे, त्यातला आवाज विचारेल त्याचं उत्तर द्यायचं. जे दिसेल ते खरं. एका खुर्चीवर रत्नमाला बसली. दुसरीवर बायांनी दारातून डोकावणाऱ्या प्रसेनजितलाच ढकललं.

तिच्या कानात आधी नुसता वारा... मग कडुनिंबाची पानं. दूर कुठं घागर भरत होती; सूर बारीक, आणखी बारीक होत गेला. मिटल्या पापण्यांआड अंगण उमटलं—सारवलेलं, ऊन सांडलेलं.

'अंगणात कोण बसलंय?'

हेडफोन लावलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. तिला वाटलं, आपण पुटपुटतोय.

"प्रसेनजित!" अख्ख्या समाजमंदिरानं ऐकलं. "पाणी पिऊन राह्यला. संपवूनच नाही राह्यला!"

बाया पदरात तोंड खुपसून हसल्या. ऐकलं नाही ते एकट्या प्रसेनजितनं. त्याचेही कान झाकलेले, आणि त्याचं अंगण नुकतंच उघडत होतं.

"एक जण हाय," तो ओरडला, "पाठमोरी. मेथी निवडून राह्यली."

हाक मारा, असं आवाजानं सुचवलं असावं.

"नाही मारत. रविवारी तिच्याकडं पाहुणे येऊन राह्यले. तिनं वळून नाही पाह्यलं तं...? ताई, मले इथंच बसू द्या."

हसू थांबलं. रत्नमालाची आई, ललिताबाई, उठल्या. लेकीच्या कानांवरचा हेडफोन त्यांनी अलगद उतरवला.

"ऐक वं, तो काय बोलून राह्यला ते."

"...दुरून दिसते तेवढी पुरे," तो डोळे मिटून सांगतच होता.

रत्नमाला खुर्चीला वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन बसली. त्याचा हेडफोन एका बाजूनं जरासा उचलला, आणि कानाशी काहीतरी बोलली—इतकं हळू, की सगळ्यांच्या माना लांबल्या.

त्यानं डोळे उघडले. ते अजून मिटलेलेच आहेत की काय, अशा चेहऱ्यानं तिच्याकडं बघत राहिला.

"मोठ्यानं बोल ना!" ललिताबाई म्हणाल्या. "आताच काहून लाजून राह्यली? मी पाहुण्यांले काय सांगू?"

दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. ललिताबाईंनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला, आणि पाहुण्यांचा नंबर लावत त्या बाहेर उन्हात गेल्या.