वाघिणीचे हरवलेले वॉट

"काकू, माझी ताकद चोरीला गेली!"

वाघीण व्हीलचेअर गर्रकन वळवत थेट टेबलाशी आली. शर्यतीत भल्याभल्यांना घाम फोडायची, म्हणून हे नाव. काकू म्हणजे खासगी गुप्तहेर. काका त्यांचे यजमान आणि मदतनीस. दोन्ही कामं सावकाश!

"ताकद कशी चोरणार?" काकांनी विचारलं.

"चाचणीत! शर्यतीची खुर्ची रोलरवर बांधतात, मी चाकं ढकलते, यंत्र ताकद मोजतं. मागच्या वेळी नव्वद वॉट, आज सत्तर! संध्याकाळी संघ ठरणार आणि मी बाहेर!"

"छातीचे ठोके?" काकूंनी विचारलं.

"तेव्हाइतकेच. घामानं नुसती निथळत होते."

"मेहनत तेवढीच, आकडा कमी." काकूंनी चपला चढवल्या. "उठा हो!"

प्रयोगशाळेत खुर्ची अजून रोलरवरच होती, शेजारी वाघिणीचे मामा. तंत्रज्ञाचा चेहरा पडलेला. त्याची बहीण संघातल्या त्याच जागेसाठी झगडत होती ना!

"आईशप्पथ, मी काही केलं नाही! हिला बसवून आधी चाकांना वेग दिला आणि ती आपोआप थांबू दिली. त्यावरून घर्षणात किती ताकद जाते ते कळतं. यंत्र तेवढी हिच्या आकड्यात मिळवतं."

"तेव्हा मामा कुठे होते?" काकूंनी विचारलं.

"पाणी आणायला गेलो होतो," मामा म्हणाले. "आलो, खुर्ची रोलरला बांधणाऱ्या पट्टीची बक्कल तपासली आणि चाचणी सुरू झाली. मागे एकदा खुर्ची घसरली होती हो, जीव टांगणीला लागतो."

काकू वाकल्या. पट्टीवरची जुनी घडी बक्कलपासून बोटभर सरकली होती. त्यांनी हातानं चाक फिरवलं. ते लगेच थबकलं.

"तंत्रज्ञच चोर!" काका गरजले.

"अहो, डोकं घरी विसरलात का? घात करायचा असता, तर त्यानं हा पुरावा आपल्यासाठी तसाच ठेवला असता? पट्टी नव्यानं आवळली गेली. टायर रोलरवर दाबला गेला, घर्षण वाढलं. यंत्राला मात्र सैल पट्टीचंच घर्षण ठाऊक. उरलेली ताकद गेली कुणाच्याच खिजगणतीत नसलेल्या जागी! आणि मोजमापानंतर बक्कलला हात लावला फक्त एकानं."

मामांचा चेहरा पांढराफटक. "बाळा, तू पडू नयेस म्हणून दोन हिसके दिले गं. मीच घात केला!"

"पट्टीला कुणी हात लावू नका," काकू म्हणाल्या. "वाघिणी, बस. आहे त्या पट्टीवर घर्षण पुन्हा मोजा."

चाकं फिरली, लवकरच थांबली. तंत्रज्ञानं नवा हिशेब केला आणि ओरडलाच, "त्र्याण्णव!"

"माफ कर हं, दादा," वाघीण त्याला म्हणाली. "तुझ्यावर उगाच संशय घेतला."

"माफी कसली? माझी नोकरी वाचली! काकू, उपकार झाले."

मामा कोपऱ्यात तोंड लपवून उभे होते. वाघिणीनं त्यांचा हात ओढला.

"अपघातानंतर मी पहिल्यांदा खुर्चीत बसले, तेव्हा भीतीनं थरथरत होते. तू मागे उभा होतास, म्हणून खुर्चीचे हात सोडून चाकं धरली मी. हे त्र्याण्णव वॉट कुठून आले, वाटतं तुला?"

मामा तिच्या मागे जाऊन उभे राहिले, पूर्वीसारखे.

"पुढच्या वेळीही अस्संच करकचून बांध, मामा," ती हसली. "फक्त दादानं घर्षण मोजायच्या आधी!"