आतोबांचा पंप

खरं आहे हे. पटत नसेल तर माझ्याकडे एक कागद आहे, दोन चौकोनांचा. त्याचं पुढे सांगतो.

आणि आधीच सांगून ठेवतो, यात मध्यरात्र नाही, अमावस्या नाही. जे झालं ते भरदिवसा झालं. गेल्या वर्षी, आमच्या मोसवायलर गावात, माझ्या सख्ख्या आत्याच्या गॅरेजमध्ये. आणि संपलं ते एकतीस ऑक्टोबरच्या दुपारी.

संपलं म्हणतो खरा...

माझी आत्या गेर्लिंड. तिचे यजमान ओटमार, म्हणजे आमचे आतोबा. त्यांना मूलबाळ नव्हतं. होती ती एक गाडी. पासष्ट सालची मर्सिडीज, फिकट निळी, दोन माणसांची, उघड्या टपाची. शनिवारी आतोबा तिला असे पुसायचे की आत्या म्हणायची, "मला कधी एवढं पुसलं नाहीत."

गाडीची नंबरपाटी मोसमी होती. एप्रिल ते ऑक्टोबर, तेवढेच महिने ती रस्त्यावर काढायची मुभा. एकतीस ऑक्टोबरला मोसमातली शेवटची फेरी. दोघं वरच्या टेकडीवर जायची, तिथल्या खानावळीत कांद्याचा गरम केक खायची आणि तळं बघत बसायची. चाळीस वर्षं त्यांनी ही फेरी चुकवली नाही.

त्या गाडीची एक खोड होती. चावी अर्धी फिरवायची. मागे पेट्रोलची मोटर घुंऽऽ करायची. मग तीनपर्यंत मोजायचं आणि पुढची अर्धी चावी. आतोबा तोंडाने मोजत नसत. लग्नाच्या अंगठीने स्टीअरिंगवर मोजत.

टक्. टक्. टक्.

मग गाडी सुरू.

गेल्या वर्षीच्याही आदल्या सप्टेंबरात आतोबा गेले. अंगठी त्यांच्या बोटातच ठेवली. तेव्हा ती शेवटची फेरी राहून गेली ती गेलीच.

एप्रिलमध्ये आत्या पहिल्यांदा एकटी गाडीत बसली. तिने चावी अर्धी फिरवली. घुंऽऽ आवाज आला. तिचे दोन्ही हात मांडीवर होते...

टक्.

टक्.

टक्.

आत्या घाबरली नाही. मला म्हणाली, "मी घाबरू कशाला? माझाच नवरा ना तो!" ती तिथेच पोटभर रडली आणि नंतर गॅरेज झाडून काढलं.

पण गाडी काही सुरू होईना.

"गेर्लिंडबाई, पंप आखडलाय," हेबर्ले मिस्त्री म्हणाले. इंजिनच्या कुशीत पावाच्या लादीएवढा एक ठोकळा असतो. तो सहाही नळ्यांना मोजून पेट्रोल देतो. त्याच्या आत दात्यांची एक पट्टी असते, ती अडकली होती. "हिवाळाभर बसून राहिला बिचारा. तुम्ही बसून राहिलात तर तुमचेही गुडघे धरतील."

"माझे आत्ताच धरलेत. पंपाचं बोला."

"नवा मिळत नाही हो. हल्ली असलं काही मिळत नाही, मी सुद्धा मिळत नाही. माझं नशीब म्हणून तुम्हाला सापडलो."

आत्याला एकच गोष्ट हवी होती. ऑक्टोबर संपायच्या आत ओटमारला एकदा टेकडीवर न्यायचं. राहिलेली फेरी पुरी करायची.

मग शोध सुरू झाला. मीही फिरलो तिच्याबरोबर. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात चिखलातून हिंडलो. एकाने पंप दाखवला, बाहेरून चकचकीत आणि आतून पोकळ. दुसऱ्याचा नंबर जुळेना. हॉलंडच्या एका माणसाने फोनवर शपथा घेतल्या आणि पेटीतून भलत्याच गाडीचा पंप पाठवला. शेवटी हेबर्लेंनी पंप दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्याचा कागद आणून दिला.

कागदावर दोन चौकोन होते.

पहिला : माझाच पंप दुरुस्त करून परत द्या. सात महिने.

दुसरा : बदली चालेल. तीन आठवडे.

बदलीची पद्धत सरळ आहे. तुम्ही तुमचा जुना द्यायचा. तो दुरुस्त होऊन रांगेतल्या दुसऱ्या कुणाला जातो. तुम्हाला तिसऱ्याच कुणाचा तरी येतो. आमच्याकडे सगळेच असं करतात, कुणाला त्यात काही वाटत नाही.

सात महिने म्हणजे डिसेंबर. आत्याने निळ्या पेनाने दुसऱ्या चौकोनात फुली मारली.

"लोखंडाला काय," ती म्हणाली, "लोखंडासारखं लोखंड."

जूनमध्ये पंप आला. हेबर्लेंनी तो बसवला. आत्या गाडीत बसली, केस नीट केले, चावी अर्धी फिरवली.

घुंऽऽ...

काही नाही.

तिने वाट पाहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. स्टीअरिंग गप्प होतं.

आणि मग... तिच्या पाठीत काहीतरी लागलं.

थप्प.

सीटच्या मागून. थप्प, थप्प. लहान मूल मागे बसून कंटाळलं की समोरच्या सीटला लाथा मारतं ना, तसं.

त्या गाडीला मागची सीट नाही. मागे फक्त एक फळी आहे, पिशवी ठेवण्यापुरती.

आत्या दार उघडून बाहेर पडली ती थेट स्वयंपाकघरात. संध्याकाळी मला फोन केला. "अरे, तो गेला," ती म्हणाली. "मी माझ्या हाताने फुली मारून त्याला घालवला."

मागे कोण आहे, हे तिने विचारलंच नाही. तिला ओटमार नसल्याचं दुःख एवढं होतं की दुसऱ्या कुणाची भीती वाटायला जागाच उरली नाही.

कारखान्याने पत्ता द्यायला नकार दिला. गिऱ्हाइकाची माहिती गुप्त असते म्हणाले. आत्याने महिनोन् महिने पिच्छा पुरवला, तेव्हा तिथली एक बाई म्हणाली, "नाव सांगणार नाही. पण तुमचं पत्र पुढे पाठवते." आत्याने चार ओळी लिहिल्या. माझा पंप तुमच्याकडे आला आहे. मला तो परत हवा आहे. खाली फोन नंबर. अंगठीचा एक शब्दही नाही.

एकोणीस ऑक्टोबरला, दुपारी जेवायच्या वेळी, फोन वाजला.

"मी एगर. आल्गॉयमधून बोलतोय." म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. "बाई, रागावू नका. एक विचारतो. तुमचे मिस्टर... बोटात अंगठी घालायचे का?"

"घालायचे," आत्या म्हणाली.

"आणि तुमच्याकडे..." तिने विचारलं, "लहान मूल होतं का हो?"

पलीकडे म्हातारा हुंदके द्यायला लागला.

त्यांची मुलगी रोमी. चौऱ्याऐंशी साली तापाने गेली, सात वर्षांची होती. सीटमागची ती फळी तिची जागा. सारखी लाथा मारायची, अजून किती लांब म्हणून. ती गेल्यावर एगरनी त्यांची तसलीच गाडी शेडमध्ये लोटली ती कायमची. बायको वाल्ट्राउड मात्र रोज दुपारी जाऊन त्या गाडीत बसायची. एगरना वाटायचं, दुःखाने हिचं डोकं फिरलंय. आता ती आजारी पडली, डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितले, तेव्हा तिला खूश करायला त्यांनी गुपचूप गाडी दुरुस्तीला दिली. बदली पंप. सप्टेंबरात तो बसला. वाल्ट्राउड आत बसली आणि म्हणाली...

"माझी पोर कुठाय? इथे कुणी पुरुष बसलाय."

एकतीस ऑक्टोबर ठरला. दोन्ही पंप समोरासमोर बदलायचे. आत्याने मोसमातला शेवटचा दिवस त्यासाठी दिला. "मला माझा परत मिळू दे," ती म्हणाली. "टेकडीवर एप्रिलमध्ये जाईन."

ती एकटीच निघाली. आल्गॉयच्या डोंगरांकडे तास-सव्वा तासाचा रस्ता. शेतांवर धुकं होतं, चर्चच्या आवारांत बायका दुसऱ्या दिवशीच्या, गेलेल्यांच्या आठवणीच्या सणासाठी थडगी पुसत होत्या. मागून लाथा चालूच होत्या.

थप्प. थप्प.

"पोचतोय गं बाळ," आत्या म्हणाली. "आईकडेच चाललोय."

लाथा थांबल्या. आणि मानेवर... कुणी वाकून पुढे बघावं तसा ऊबदार श्वास लागला. आत्या सांगते, आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या गाडीत मागे मूल होतं, आणि तेही तिला परत द्यायचं होतं.

एगर फाटकाशीच उभे होते. गाडी थांबायच्या आतच बोलायला लागले.

"बाई, मला माफ करा. मला आधीच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. तो आवाज... वाल्ट्राउड भ्यायची. तुमचं पत्र यायच्या आधीच मी पंप काढून कारखान्याला परत धाडला होता. तुम्ही येणार नाही म्हणून बोललो नाही."

"मग आता कुठाय तो?"

"गेला. देशाबाहेर कुणाला तरी. त्याहून जास्त सांगत नाहीत."

आत्याने रिव्हर्स गिअर टाकला. हे तिने मला स्वतः सांगितलंय. तिला तिथून निघून जायचं होतं. पोर तर पोर, कुणीतरी सोबतीला हवं होतं तिला.

तेवढ्यात घराच्या पायरीवर वाल्ट्राउड दिसली. घोंगडी पांघरलेली, नुसती हाडं राहिलेली. तिने गाडीकडे पाहिलं.

आणि सीटमागे लाथांचा पाऊस सुरू झाला.

आत्याने इंजिन बंद केलं. चावी एगरच्या हातात ठेवली. "जा," ती म्हणाली, "बसवा त्यांना आत."

तिने मागे वळून बघितलं नाही. स्टेशनपर्यंत चालत गेली आणि आगगाडीने घरी आली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वाल्ट्राउड गेली. एप्रिलमध्ये एगर गाडी परत घेऊन आले. टोपी हातात धरून म्हणाले, "आता आत कुणी नाही, बाई. दोघी गेल्या."

गाडी मीच धुतली. आत्याच्या सीटच्या पाठीवरचं कातडं, फळीच्या बाजूने, दोन जागी झिजलेलं होतं. शेजारी शेजारी, लहान टाचांएवढं. कित्येक वर्षं घासावं तसं... ते कातडं आतोबांनी जायच्या आदल्या वर्षीच नवं बसवलं होतं.

मी ते आत्याला दाखवलं नाही.

दात्यांची पट्टी आता सुरळीत चालते. गाडी एका फटक्यात सुरू होते. पण आत्या टेकडीवर गेली नाही. रोज दुपारी गॅरेजमध्ये जाते, चावी अर्धी फिरवते आणि हात मांडीवर ठेवून बसते. मी कधी गेलो तर दाराशी उभा राहतो. खरं सांगतो, आत जायचा धीर होत नाही.

म्हणून हे लिहितोय. तुम्ही कुठल्याही देशात असा. तुमच्या किंवा ओळखीतल्या कुणाच्या अशा जुन्या गाडीला बदली पंप बसवला असेल, आणि चावी फिरवल्यावर स्टीअरिंगवर...

टक्.

टक्.

टक्.

...तर घाबरू नका. पंप परत पाठवू नका. ते आमचे ओटमार आतोबा आहेत, ते कुणाला त्रास देणार नाहीत. फक्त आम्हाला कळवा.

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. हल्ली ती तोंडानेच मोजते. एक, दोन म्हणते, आणि तीन त्यांच्यासाठी सोडते.